हो म्हणायची घाई

कुणीतरी मागून "मोरितानि, ए मोरितानि" अशा हाका मारत होतं आणि मी सरळ चालत होतो. शिजो रस्त्यावर दुपारच्या जेवणाची गर्दी होती. हाक तीन-चारदा आली तेव्हा मला वाटलंसुद्धा, की हा मोरितानि कोण आहे, बहिरा आहे की माजोरडा, त्या बिचाऱ्याला ओ तरी द्यावी. मग कुणीतरी माझी बाही धरून ओढली. धापा टाकत कामेइ उभा होता. माझ्या गावी, मियाझूच्या शाळेत, माझ्या पुढच्या बाकावर बसणारा कामेइ, आता टक्कल पडलेला, हातात मिठाईची पिशवी. "घसा बसला की रे माझा," तो म्हणाला. "का मोठ्या लोकांना नावानं हाक मारायची नसते?" मी हसलो आणि खिशातलं कार्ड काढून दोन्ही हातांनी त्याला दिलं. त्यानं ते लांब धरून वाचलं. नुकाता इलेक्ट्रिक, अध्यक्ष, नुकाता कुनियासु. "खरंच की," तो म्हणाला, "मी विसरलोच. तुला दत्तक दिलं होतं नाही का त्या लोकांना." दिलं होतं. घरात मांजरीची पिल्लं जास्त झाली की एखादं शेजारी देऊन टाकतात, त्या सुरात. मग त्याला गाडी पकडायची आठवण झाली आणि तो गेला. मी फुटपाथवर उभा राहून चडफडत राहिलो. आधी त्याच्यावर, मग स्वतःवर. ज्या नावानं शाळेत मार खाल्ला, ज्या नावानं विद्यापीठाच्या फळ्यावर निकाल शोधला, ते नाव आपल्याला ऐकू येऊ नये म्हणजे हद्द झाली. बरं, एरवी ऐकू आलं नसतं तर चाललं असतं. पण नेमकं आजच, एका पोराला त्याचं नाव टाकून दे असं सांगायला मी निघालो असताना, हा कामेइ कुठून उगवला.

मला पाठवलं होतं चेअरमनसाहेबांनी. चेअरमनसाहेब म्हणजे अध्यक्षाच्याही वर बसणारे माझे सासरे, आणि कागदोपत्री माझे वडील, कारण तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी मला जावई करून घेतलं तेव्हा दत्तकही घेतलं. आमच्याकडे ही रीत जुनी आहे, दुकानदारांच्या घरांत तर विशेष. रविवारी जेवण झाल्यावर म्हातारे म्हणाले, "तुझ्या कानाएला त्या तोबेशी लग्न करायचंय म्हणे. करू दे. पोरगा बरा आहे, मी चौकशी केलीय. पण तो नुकाता होऊन येईल. वसंतात कंपनीची पन्नाशी आहे, तेव्हा सगळ्यांसमोर सांगून टाकू. तू त्याला जेवायला ने आणि..." "हो, बाबा," मी म्हणालो. "...आणि विचारून टाक. नाही म्हणाला तर मलेशियाच्या कारखान्यात माणसं हवीच आहेत." माझी बायको चिसाको समोर पर्सिमॉनचं फळ सोलत होती. तिनं सुरी थांबवून माझ्याकडे बघितलं आणि म्हातारे झोपायला गेल्यावर म्हणाली, "अहो, बाबांचं वाक्य तरी संपू द्यायचं. छपरावरून उडी मार म्हणाले असते तरी तुमचं हो आधीच तयार होतं." ती घरची लेक, तिला काय, ती बापाला नाही म्हणू शकते, रागावून खोलीत जाऊ शकते. मी कुठे जाणार होतो. मला वैताग आला तो तिच्या बोलण्याचा नाही, तर ते खरं होतं याचा.

आणि मंगळवारी कानाए मला गाठायला गाडीपाशी येऊन उभी राहिली. ती एका दवाखान्याच्या औषधशाळेत काम करते. औषधाच्या पुड्या देताना ती जसं नीट, हळू, एकदाच सांगते, तसंच तिनं सांगितलं. "बाबा, तोबे नुकाता झाला तर मी त्याच्याशी लग्न करणार नाही." मी म्हणालो, की हे तू त्यालाच सांग. "त्याला सांगून काय उपयोग? त्याला तुम्ही विचारलंत की तो हो म्हणेल. त्याला कुणी विचारूच नये म्हणून तर तुम्हाला सांगतेय. आजोबांना नाही म्हणा." मी म्हणालो, की तुला त्याचा एवढा भरवसा नाही तर लग्न कशाला करतेस. तिनं गाडीच्या काचेवरचं पान काढून टाकलं. "तो तुमच्यासारखाच आहे," ती म्हणाली. "म्हणून तर आवडतो. म्हणूनच त्याला इथून लांब न्यायचंय. या घरात अजून एक तुम्ही नको." एवढं बोलून ती तिच्या बसला गेली. ड्रायव्हर आरशातून बघत होता आणि मी त्याच्यावर उगीच खेकसलो, की गाडी का गरम केली नाही अजून. दिवसभर बैठकांत माझ्या डोक्यात तेच. अजून एक तुम्ही नको. आवडतो म्हणाली होती, हे मला संध्याकाळी आठवलं. पण ते दुसरं आठवत होतं तेवढा वेळ हे कुठे होतं कोण जाणे.

जेवायला वेळ होता म्हणून मी नदीकाठानं गेलो. पलीकडच्या काठावर कुठेतरी एका कंगवे करणाऱ्याचं घर होतं. त्याच्या मागच्या खोलीत म्हाताऱ्यांनी रेडिओच्या पोटातले रेझिस्टर करायला सुरुवात केली, बायकोच्या मातीच्या भांड्यात भाजून. मी नोकरीला आलो तोवर पत्र्याच्या तीन शेडी झाल्या होत्या आणि चाळीसेक बायका ओळीनं बसून तांदळाच्या दाण्याएवढ्या रेझिस्टरांवर बारीक ब्रशानं रंगीत पट्टे ओढायच्या. रेझिस्टरचा रोध भट्टीतून ठरवल्याएवढा कधी निघतच नाही. म्हणून म्हातारे आधी भाजायचे आणि मग मोजायचे. बरोबर निघाले ते रेडिओवाल्यांना, थोडे चुकले ते खेळण्यांना, फारच चुकले ते कचऱ्यात. माणसांच्या बाबतीत त्यांचं हेच. त्यांना पोटचा मुलगा होता, चिसाकोचा धाकटा भाऊ. त्याला वीज म्हटलं की जांभई यायची. तो आता नाराला मातीची भांडी करतो आणि सुखात आहे. "पोटचं काय, निघेल ते निघेल," म्हातारे उघड म्हणायचे. "जावई मात्र मोजून घेता येतो." मला मोजलं त्या दिवशी ते मांडीवर मीटर घेऊन बसले होते. मी एक खराब झालेली पेटी परत आणली होती. काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "मोरितानि, तू दुसरा मुलगा ना? घरचा देव्हारा, थडगी, सगळं थोरल्याकडे?" मी म्हणालो, हो. "मग आमच्याकडे ये. चिसाकोसाठी. नाव आमचं घे." मी म्हणालो, हो. काटा अजून हलत होता. मला चिसाको आवडत होती हे खरं आहे. पण त्या क्षणी मी तिचा विचार केला नव्हता, वरिष्ठांनी काही विचारलं की हो म्हणायचं, एवढंच मला येत होतं. नंतर मियाझूला जाऊन सांगितलं. वडील मासे वाळत घालत होते, ते वाळत घालत राहिले. आई म्हणाली, "मग आता तुला पत्र घालायचं तर पाकिटावर काय लिहायचं?" मी चिडून म्हणालो, की जे नाव आहे ते लिही. तिनं पुढे फार पत्रं घातली नाहीत.

बाकी कंपनी वाढली, आणि ती कशी वाढली ते मला कुणी शिकवू नये. म्हाताऱ्यांना रेझिस्टरचा पैसा पुरेसा वाटत होता. सिलिकॉनच्या चिपा करू या हे मी म्हणालो. एवढं एकच वाक्य मी त्यांच्याआधी बोललो असेन. त्यांनी मला शिकायला कॅलिफोर्नियाला धाडलं. परत आलो तेव्हा कानाए रांगत होती आणि मला बघून किंचाळली. फुशिमीतलं एक जुनं सकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, गोदाम स्वस्तात मिळालं म्हणून तिथे आम्ही पहिली धूळमुक्त खोली बांधली. भिंती धुतल्या, घासल्या, रंगवल्या, बायकांना पावडर-लाली बंद केली, सिगारेट ओढणाऱ्यांना अर्धा तास बाहेर बसवलं, आणि तरी शंभरातल्या आठ-दहा चिपा चालायच्या. त्या भिंतींत शंभर वर्षांची बुरशी मुरलेली होती. सके तिच्यावर छान व्हायची, आमची चिप मरायची. म्हातारे रोज सकाळी येऊन विचारायचे, बाकीच्या नव्वदांचं काय झालं. मी त्या गोदामात दोन वर्षं झोपलो. मग ओकायामाला नवा कारखाना काढला, मग गणकयंत्रवाले आले, व्हिडिओवाले आले, मुलांच्या खेळाच्या यंत्रांचे लोक आले, आणि एक काळ असा होता की पोरं टकटक करत बटणं दाबतात तिथे आत कुठेतरी आमच्या चिपा असायच्या. चाळीस बायकांची नऊ हजार माणसं झाली. वर्तमानपत्रांत छापून यायचं, नुकाता घराण्याची दूरदृष्टी. नुकाता पितापुत्र. एकदा तर एका वार्ताहरानं लिहिलं, की माझ्या हनुवटीत वडिलांची जिद्द दिसते. चिसाको ते कात्रण वाचून हसत सुटली आणि मी जेवणावरून उठून गेलो. तिला वाटलं मी नावावरून चिडलो. मी चिडलो होतो, कारण क्षणभर मीही आरशात जाऊन हनुवटी बघून आलो होतो.

तोबे सोबाच्या, म्हणजे शेवयांच्या, दुकानात आधीच येऊन बसला होता, माडीवरच्या खोलीत, पाठ ताठ, समोरचा चहा न पिता. तिशीचा पोरगा, आमच्या कारखान्यात, चिपा ज्यांतून कापतात त्या चकत्या, वेफर, धुण्याच्या विभागात. हात ॲसिडला सरावलेल्या माणसाचे असतात तसे कोरडे. त्याच्याकडून माझी एकच आशा होती. तो एकुलता एक होता. शिकोकू बेटावर आईवडिलांची संत्र्यांची बाग होती, डोंगरउतारावर पाच पिढ्यांची थडगी होती, आणि असा मुलगा नाव सोडतो म्हटल्यावर घरात रडारड होते, काका-मामा येऊन बसतात, महिना जातो, आणि मग तो मान खाली घालून येतो आणि म्हणतो, की फार वाईट वाटतं पण जमणार नाही. तो तसं म्हणाला की मी म्हाताऱ्यांना तेच शब्द नेऊन देणार, आणि माझ्यावर काही येणार नाही. मी रस्ताभर हेच घोळवत आलो होतो. मला कानाएचं काम करायचं होतं, फक्त ते दुसऱ्या कुणीतरी करावं अशी इच्छा होती.

"तोबे," मी म्हणालो, "कानाएबद्दल बोलायचं होतं."

"हो, साहेब."

"अजून मी काही म्हणालो नाही."

"हो, साहेब."

"घरी तू एकटाच मुलगा. बाग आहे, पूर्वजांची थडगी आहेत. त्यामुळे आमच्या घरात यायचं, नाव बदलायचं, हे तुला जड जाईल हे मी समजू शकतो. अगदी समजू शकतो."

"बदलतो, साहेब."

सोबाचे वाडगे अजून वर आले नव्हते. खाली कुणीतरी हिशेबावरून हसत होतं. मी म्हणालो, "घरी विचारायला नको?"

"कळवीन."

"आई काय म्हणेल?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "रडेल बहुतेक," तो म्हणाला. "मग सावरेल."

त्याच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं. हेरिंग माशाचा तुकडा घातलेले वाडगे आले, वाढणारी बाई गुडघ्यांवर बसून ते मांडत होती तोवर मी त्याच्याकडे बघत होतो. केस कापलेले, टाय घट्ट, नजर माझ्या गळ्याच्या गाठीपाशी, जिथे वरिष्ठांकडे बघायचं असतं. हा काय लोभी होता? नव्हता. कंपनी मिळेल म्हणून हो म्हणत होता असं असतं तर मी त्याचा मान ठेवला असता. तो हो म्हणत होता, कारण अध्यक्षांनी जेवायला बोलावून विचारलं होतं. त्याच्या लेखी मी विचारलंच नव्हतं, सांगितलं होतं. आमच्या नऊ हजार माणसांना मी हेच शिकवलं होतं, रोज सकाळी रांगेत उभं करून.

"हे बघ," मी म्हणालो, "तू आमचं नाव घेतलंस तर कानाए तुझ्याशी लग्न करणार नाही. तिनं मला स्वतः सांगितलंय."

त्याचा चेहरा पहिल्यांदा हलला. कान लाल झाले. चॉपस्टिक्स त्यानं वाडग्यावर ठेवल्या, मग ते अशिष्ट म्हणून उचलून बाजूला ठेवल्या. तो म्हणाला, "मग मी काय करावं असं आपल्याला वाटतं, साहेब?"

"नाही म्हण."

"कोणाला?"

"मला."

"आपल्याला नाही कसं म्हणू?"

"तोंडानं."

तो घाबरून गेला. गेल्या वर्षी टाकीतून ॲसिड उडालं तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता म्हणे. "साहेब," तो म्हणाला, "हा हुकूम समजायचा का?"

मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीपेक्षा जास्त कंटाळा आला होता. "समज," मी म्हणालो. "हुकूमच आहे."

"हो, साहेब. मग नाही." आणि त्यानं चटईला कपाळ टेकवून मला नमस्कार केला. त्यानंतर आम्ही सोबा खाल्ला. गार झाला होता. त्यानं तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कारण मी पैसे देणार होतो. जाताना जिन्यात मला वळून म्हणाला, की कानाए-सानना त्रास झाला त्याबद्दल तो फार दिलगीर आहे. ती याला शिकोकूला नेणार, संत्री काढायला लावणार, आणि तिथेही हा झाडांना हो म्हणत फिरेल. पण तिथे त्याला विचारणारे आम्ही नसू, हे तिचं गणित होतं, आणि ते मला तेव्हा कुठे कळलं.

ऊन उतरायच्या आत मी म्हाताऱ्यांकडे गेलो. आमची घरं एकाच अंगणात आहेत. ते व्हरांड्यात संत्रं सोलत बसले होते, प्रत्येक फोडीचा पांढरा धागा काढून कागदावर ओळीनं ठेवत. कानातलं यंत्र लावलेलं होतं, म्हणजे ते माझी वाट बघत होते. त्यांचा नियम आहे, बोलणं व्हायचं तोवर यंत्र कानात, विषय संपला की बाहेर. चिसाको आत स्वयंपाकघरात भांडी धूत होती.

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

त्यांचा हात थांबला. "कोणाला नाही म्हणाला?"

"मला."

"कंपनीच्या अध्यक्षाला? तोंडावर?"

"हो. एकुलता एक आहे. बाग आहे, थडगी आहेत."

मला वाटलं होतं की आता मलेशिया निघणार, आवाज चढणार, आणि मी त्यासाठी वाटेत दोन वाक्यं जुळवली होती. ते तर हसले. त्यांना मी कधी असं हसताना पाहिलं नव्हतं, अगदी पहिल्या चांगल्या वेफरच्या दिवशीही नाही. "शाब्बास," ते म्हणाले. "माणूस आहे म्हणायचा. तुला सांगू कुनियासु, तुला विचारलं ना मी, तेव्हा मला वाटलं होतं तू मुदत मागशील. घरी जाशील, आईशी बोलशील. मग मी मियाझूला येणार होतो, सकेची पिंपं घेऊन, तुझ्या वडिलांपुढे वाकणार होतो. सगळी तयारी करून ठेवली होती. पोशाख काढून ठेवला होता चिसाकोच्या आईनं माझा. आणि तू मीटरचा काटासुद्धा थांबू दिला नाहीस."

माझ्या डोळ्यांसमोर वडील आले, मासे वाळत घालणारे, आणि त्यांच्यापुढे वाकलेला हा माणूस, जो कधी वाकला नाही, कारण मी वाकू दिला नाही. "मग घेतलंत कशाला मला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चमत्कारिक वाटला.

"काम चांगलं होतं तुझं," ते म्हणाले, आणि एक फोड तोंडात टाकली. त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. ते मोजून सांगत होते. "असं कर. उद्या त्या पोराला इथे घेऊन ये. मी स्वतः विचारतो. दोनदा विचारीन, चारदा विचारीन, त्याच्या आईबापांकडे जाईन. नाही म्हणणारा माणूस इतक्या वर्षांत एक सापडलाय, तो आपल्या नावात आलाच पाहिजे." आणि त्यांनी कानातून यंत्र काढून सालींच्या शेजारी ठेवलं.

उद्या. इथे, याच चटईवर. तोबे कपाळ टेकून बसेल आणि म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न पुरता व्हायच्या आत म्हणेल, हो. मी दिलेला हुकूम चेअरमनच्या हुकमापुढे किती वेळ टिकणार. आणि मग कानाए जाईल, ओरडणार नाही, भांडणार नाही, बॅग भरून जाईल, आणि तो नुकाता होऊन इथेच राहील, माझ्या शेजारच्या खोलीत, आणि आम्ही दोघं रोज सकाळी एकाच गाडीतून कामाला जाऊ. मला संताप आला. तोबेचा, म्हाताऱ्यांचा, त्या काढून ठेवलेल्या पोशाखाचा, ज्याबद्दल मला इतकी वर्षं कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"नाही, बाबा," मी म्हणालो.

ते पुढच्या फोडीचा धागा काढत होते. त्यांनी ऐकलंच नव्हतं. आयुष्यात एकदा म्हणालो, आणि ते या माणसापर्यंत पोचलंसुद्धा नाही. आत नळ बंद झाला. चिसाको हात पुसत दारात आली आणि माझ्याकडे बघत राहिली. टोमणा मारेल असं वाटलं, पण तिनं मारला नाही. मला तिथून उठून जाता आलं असतं. बोललो होतो, साक्षीदार होती, कानाएला सांगता आलं असतं की मी नाही म्हणालो होतो. मी ते यंत्र उचललं आणि म्हाताऱ्यांपुढे धरलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून ते घेतलं, कानात बसवलं, त्याची शिट्टी थांबेपर्यंत बोटानं दाबून धरलं.

"आता काय राहिलं?" ते म्हणाले. "त्याला उद्या दहाच्या सुमाराला आण, म्हणजे मी..."

"नाही," मी म्हणालो. त्यांचं वाक्य अजून संपायचं होतं.